उजेड भिंतीवर बघायचा

गाडीच्या दिव्याची काच पिवळी पडली की पहिला सल्ला येतो तो टूथपेस्टचा. सल्ला देणाऱ्याने कधीतरी रविवारी गाडी धुताना तो प्रयोग करून पाहिलेला असतो, काच डोळ्यांदेखत उजळलेली असते, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पेस्टमध्ये दात घासायची बारीक, कठीण पूड असते. ती वरचा मळ आणि थोडा पिवळेपणा खरवडून काढते, हे खरंच. पण दसऱ्याला आणलेली ही चमक होळीपर्यंत काही टिकत नाही. असं का होतं या कुतूहलापोटी मी या उद्योगात पडले, आणि त्याच्याही आधी पैसे वाचवण्यापोटी.

पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होते. ब्युरेट, पिपेट, फ्लास्क धुण्यात माझी नोकरी गेली. गाड्यांशी संबंध बाजूच्या सीटवर बसण्यापुरता. आमच्या छोट्या गाडीला पंधरा वर्षं झाली आणि नोंदणीचं नूतनीकरण करायची वेळ आली. आरटीओत नेण्याआधी एजंटने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, हेडलाइट बदलून घ्या. असं पास व्हायचं नाही." नाना पेठेत जाऊन दोन्ही दिव्यांचा भाव ऐकला. गाडीची तेव्हा उरलेली किंमत आणि दिव्यांची किंमत यांचा मेळ बसेना. मग घरी येऊन स्टूल घेतलं आणि गाडीपुढे बसून काच निरखत राहिले. शेजारच्यांना वाटलं असणार, बाईंना गाडीची पूजा करायची आहे.

नीट बघितलं तर काच सगळीकडे सारखी पिवळी नसते. आकाशाकडे तोंड असलेला वरचा भाग जास्त खराब, खालची कड बऱ्यापैकी स्वच्छ. नख फिरवलं तर मध्येच एक बारीक पायरी लागते. तिथे कसला तरी थर संपलेला असतो. हल्लीच्या हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. हे प्लॅस्टिक इतकं चिवट, की खडी उडून लागली तरी सहसा फुटत नाही. पण त्यावर चरे लवकर पडतात, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या पृष्ठभागावरचे रेणू तुटून पिवळसर द्रव्यं तयार होतात. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन जाडीचा कठीण, पारदर्शक थर चढवलेला असतो. वर्षानुवर्षांचं ऊन, रस्त्याची धूळ आणि कोरड्या फडक्याने केलेली पुसापुशी यांनी तो झिजतो आणि मग कांद्याच्या पापुद्र्यासारखा जागोजागी सुटायला लागतो. टूथपेस्ट त्याला गुळगुळीत करते आणि जो काही थोडा थर उरला असेल तोही घासून नेते. म्हणून काच आधी लख्ख होते आणि मग पूर्वीपेक्षा लवकर पिवळी पडते.

हे कळल्यावर काम कसं करायचं ते आपोआप ठरलं. मेलेला थर पूर्ण काढायचा, खालचं प्लॅस्टिक गुळगुळीत करायचं, आणि त्यावर नवं संरक्षण द्यायचं. यातलं तिसरं काम केलं नाही तर पहिली दोन न केलेलीच बरी.

थर काढायला वॉटर पेपर लागतो. हार्डवेअरच्या दुकानात तो नंबरावर मिळतो. नंबर लहान तेवढा पेपर खरबरीत. काच फारच वाईट असेल तर आठशे, नाहीतर हजारपासून सुरुवात करते. मग दीड हजार, दोन हजार, मिळाला तर तीन हजार. पेपर थोडा वेळ पाण्यात भिजत ठेवायचा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब. काचेच्या कडेला गाडीच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावायची, कारण हात घसरतोच आणि रंग एकदा गेला की तो काही कुठल्या पेपरने परत येत नाही. मग सावलीत बसून, पाणी सोडत, हलक्या हाताने एकाच दिशेने घासत राहायचं. पुढचा नंबर घेतला की दिशा बदलायची, आडव्याचं उभं. म्हणजे आधीच्या पेपरचे चरे गेले की नाही हे दिसतं. सुरुवातीला पाणी पिवळट दुधासारखं निथळतं. ते जोवर पिवळं आहे तोवर जुना थर निघतो आहे. पांढरं निथळायला लागलं की खालचं प्लॅस्टिक लागलं, आता पुढच्या नंबरावर जा.

दोन नंबरांच्या मध्ये बादलीतलं पाणी बदलायचं आणि हातही धुवायचे. प्रयोगशाळेतल्या नोकरीने मला शिकवलेलं, आणि इथे सगळ्यांत उपयोगी पडलेलं, हे एवढंच. आठशेच्या पेपरचा एक कण दोन हजारच्या पेपराखाली अडकला तर काचेवर असा चरा ओढतो, की पुन्हा मागे जाऊन सुरुवात करावी लागते. गॅरेजात ही गोष्ट कुणी मनावर घेत नाही, कारण तिथे दुपारपर्यंत तीन गाड्या संपवायच्या असतात.

या कामात एक टप्पा असा येतो, की गाडीचा मालक शेजारी उभा असेल तर त्याचा चेहरा पडतो. पेपर लावून झाला की काच पिवळी नसते, पण पांढरी धुरकट असते, आधीपेक्षा जास्त अपारदर्शक. सोसायटीतला एक तरुण आयटीवाला त्या क्षणी अक्षरशः म्हणाला, "काकू, राहू द्या, आता मी नवीनच घेतो." त्याला तिथे थांबवून काचेवर नुसतं पाणी ओतलं. पाण्याने बारीक चरे भरले आणि आतला रिफ्लेक्टर स्वच्छ दिसला. पाण्याखाली काच जशी दिसते, साधारण तशीच ती पॉलिश झाल्यावर दिसणार. हा पाण्याचा प्रयोग मी तेव्हापासून सगळ्यांना आधीच करून दाखवते. पाणी ओतूनही आत धुरकटच दिसलं तर दोष बाहेरच्या बाजूला नाही, आतल्या बाजूला आहे, आणि मग घासण्यात हात मोडून घेण्यात अर्थ नाही.

पॉलिशला रबिंग कंपाउंड आणि मऊ कापड पुरतं. ड्रिल मशिनला फोमचा पॅड लावला तर काम लवकर होतं, पण एका जागी मशिन रेंगाळलं की प्लॅस्टिक तापून मऊ होतं आणि तिथे कायमचा डाग बसतो. मी हातानेच करते. खांदा दुखतो, पण काच जळत नाही.

इथवर मी स्वतःवर बरीच खूश होते. शेजाऱ्यांच्या गाड्या, भाच्याची गाडी, कुणाच्या मित्राची गाडी असं करत रविवार भरत गेले. सकाळच्या उन्हात काचा लखलखत, लोक मोबाइलवर आधीचा आणि नंतरचा फोटो काढत. मग आमच्या इमारतीत एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहायला आले. मी एका गाडीची काच पुसत असताना ते जवळ येऊन उभे राहिले, काचेकडे फारसं बघितलंही नाही, आणि म्हणाले, "ताई, दिवसा दिवा बघून काय कळणार? रात्री भिंतीपुढं लावा गाडी."

रात्री लावली. पार्किंगच्या शेवटच्या पांढऱ्या भिंतीसमोर, आठ-दहा मीटर मागे. त्यांनी आत बसून अप्पर दिला, मग डिप्पर. ज्या गाडीच्या काचा मी नुकत्याच चकाचक केल्या होत्या, तिच्या एका दिव्याचा पट्टा भिंतीवर सरळ पडत होता आणि दुसऱ्याचा वर चढून पसरला होता. "हा डिप्परला पण समोरच्याच्या डोळ्यात जाणार," ते म्हणाले. "आधी काच खराब होती तेव्हा उजेडच नव्हता, म्हणून त्रास नव्हता. आता त्रास होईल." वरंधा घाटात पावसात गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगायला कुठलं यंत्र लागत नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, दिव्यामागचा स्क्रू दाखवला, आणि भिंतीवर खडूने रेघ मारून दोन्ही पट्टे एका उंचीला आणले.

त्या रात्रीनंतर फोटो काढणाऱ्यांचं कौतुक मला पुरेसं वाटेना. काच चमकते आणि काचेतून उजेड नीट जातो, या दोन गोष्टी बऱ्याचदा एकत्र येतात. नेहमी येतात असं नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली केलेल्या चाचणीत धुरकट झालेल्या जुन्या काचांतून डिप्परला नव्या दिव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा उजेड बाहेर पडत होता. काच साफ केल्यावर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत आला. मला हे दोन्ही आकडे सारखेच महत्त्वाचे वाटतात. पाचव्या हिश्शावरून सत्तरवर येणं म्हणजे रात्रीच्या रस्त्यावर वेगळीच गाडी. आणि राहिलेले तीस टक्के घरच्या घासण्याने परत येत नाहीत, हेही तितकंच खरं.

लोकांना जुन्या गाड्यांचे दिवे आवडतात, आणि माझ्याकडे हळूहळू तेही यायला लागले. स्कूटर, बुलेट, जीप, कुणाच्या वडिलांची ॲम्बेसेडर. यांच्या हेडलाइटची काच खरी काच. टिचकी मारली तर टणटण वाजते आणि हाताला गार लागते. ती पिवळी पडत नाही. तिच्यावर चढतो तो मळ, तेलकटपणा, पाण्याचे क्षार, आणि पूर्वी समोरच्याला चमक लागू नये म्हणून लावत असलेला काळ्या रंगाचा ठिपका. हा ठिपका खऱ्या काचेवरून ओलं ब्लेड आडवं धरून खरवडला की निघतो. क्षार पांढऱ्या व्हिनेगरने. वाळूच्या कणांनी पडलेले खड्डे मात्र जवळपास कायमचे. काच घासायची सिरियम ऑक्साइडची पूड मिळते, पण तिने तासन् तास घासून फार थोडं साध्य होतं. वॉटर पेपर खऱ्या काचेवर कधीच लावायचा नाही.

या जुन्या काचांवर आतल्या बाजूने जे उभे-आडवे पट्टे आणि चौकोन दिसतात, ती शोभा नव्हे. त्या काळात रिफ्लेक्टर उजेड नुसता पुढे फेकायचा आणि तो कुठे किती पसरायचा हे त्या पट्ट्यांनी ठरायचं. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिप्परचा उजेड उजवीकडे खाली कापलेला आणि डावीकडे, रस्त्याच्या कडेला, थोडा वर उचललेला असायला हवा. एका हौशी माणसाने आपल्या जुन्या मोटरसायकलसाठी परदेशातून सुंदर काच मागवली होती. निष्कलंक. भिंतीपुढे लावली तर उजेड उजवीकडे वर चढलेला, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. ती काच उजव्या बाजूने वाहनं चालणाऱ्या देशासाठीची होती. युरोपीय पद्धतीच्या खुणा असलेल्या, फक्त डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीच्या काचेवर एक बारीक बाण असतो, समोरून बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडे टोक असलेला. बाण नसेल तर ती उजव्या बाजूच्या वाहतुकीची. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ढिगातून काच उचलताना मी आता तडा बघायच्या आधी बाण बघते.

मागच्या लाल दिव्याची आणि इंडिकेटरच्या नारिंगी काचेची गोष्ट आणखी निराळी. त्या बहुतेक ॲक्रिलिकच्या असतात. ॲक्रिलिक उन्हात पॉलिकार्बोनेटपेक्षा चांगलं टिकतं, पण रसायनांपुढे हळवं. एकाने आजोबांच्या स्कूटरची मागची लाल काच रंगाचे शिंतोडे काढायला थिनरने पुसली. पुसली तेव्हा छान दिसली. थोड्या वेळात तिच्या अंगभर बारीक भेगांचं जाळं उमटलं, आणि ते काचेच्या जाडीत होतं, वर नव्हतं. त्या काचेला मी काही करू शकले नाही. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांपैकी काहीही प्लॅस्टिकच्या काचेला लावू नका. ॲक्रिलिकला तर स्पिरिटसुद्धा नको. कोमट पाणी आणि साबण, आणि तेवढ्याने नाही भागलं तर प्लॅस्टिकचं पॉलिश. काही जण डासांचा स्प्रे मारून हेडलाइट चमकवतात. तो वरचं प्लॅस्टिक किंचित विरघळवतो म्हणून चमक येते. ती चमक म्हणजे नुकसानच.

आतली बाजू हा सगळ्यांत नाजूक भाग. काचेमागचा चंदेरी रिफ्लेक्टर म्हणजे प्लॅस्टिकवर किंवा पत्र्यावर बसवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. धूळ दिसली म्हणून फडक्याने पुसायला गेलात तर धुळीबरोबर चांदीही येते, आणि खालचा करडा भाग उघडा पडतो. तिथून मग उजेड परत फिरत नाही. मी फुग्याने हवा मारते, फार तर ऊर्ध्वपातित पाणी ओतून निथळू देते. बोट लावत नाही. दिव्यात पाणी साठत असेल तर आधी मागचं रबर आणि हवेची नळी बघा. तिथली चिखलाची गुठळी काढली की पुष्कळदा काम होतं. आणि जास्त उजेडासाठी ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब टाकलेला असेल, तर रिफ्लेक्टर काळवंडलेला आणि वायरिंगचं प्लॅस्टिक करपलेलं सापडण्याची तयारी ठेवा. अशा दिव्याची काच घासणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

राहिलं नवं संरक्षण. इथे मी घरगुती कामाची हद्द मानते. गॅरेजात जो टिकाऊ क्लिअर कोट मारतात त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. कॉलेजात यापेक्षा सौम्य वाफांसाठी आम्ही फ्यूम हूड चालू करायचो. मग पार्किंगमध्ये, जिथे पोरं सायकली फिरवतात, तो स्प्रे मी कसा मारणार? हातावेगळी झालेली काच मी रंगाच्या गॅरेजात पाठवते, किंवा मालकाला अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म लावून घ्यायला सांगते. ज्यांना दोन्ही नको त्यांच्यासाठी मेण, दर दोन-तीन महिन्यांनी, न चुकता. "न चुकता" म्हटल्यावर सगळे मान डोलावतात. पुढच्या वर्षी त्यातले निम्मे पुन्हा पिवळी काच घेऊन येतात आणि मी त्यांना ठामपणे नाही म्हणते. प्रत्येक वेळी घासताना काच थोडी पातळ होते, आणि मेण लावायचा आळस भरून काढायला माझा खांदा मोकळा नाही.

नाही म्हणायचं हे मला उशिरा जमलं. सुरुवातीला कुणी हौसेने काही आणलं की मन मोडवत नसे. आता तडा गेलेली काच, आतून भेगाळलेली काच, चांदी उडालेला रिफ्लेक्टर, यांना मी हात लावत नाही. त्यात वाईटपणा येतो. "तुमच्या त्या अमक्याची केलीत की," असं ऐकून घ्यावं लागतं. पैसे घेत नसल्यामुळे तर लोकांना वाटतं, नाही म्हणायचा हक्कही नाही. पण दिवा हा मुख्यतः समोरून येणाऱ्याशी संबंधित प्रकार आहे, आणि तो समोरचा माझ्या पार्किंगमध्ये येऊन तक्रार करू शकत नाही.

तुमच्या गाडीला सात-आठ वर्षं झाली असतील तर आज रात्री ती सपाट जागी, भिंतीपासून आठ-दहा मीटरवर उभी करा आणि डिप्पर लावा. दोन्ही पट्टे सारख्या उंचीला आणि सारखे उजळ आहेत का ते बघा. मंद असतील तर काचेवर तांब्याभर पाणी ओता. उजेड वाढला तर येत्या रविवारी वॉटर पेपर आणा. नाही वाढला तर पेपर आणू नका. आधी बल्ब आणि वायरिंग तपासून घ्या, आणि तेही ठीक असेल तर नवा दिवा बसवा.